धुराड्याची कुक्-कुक् आणि पितळेची पाटी

भंडारा जिल्ह्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना गावची भातगिरणी डोळ्यांआधी कानांनी आठवते. दिवाळी सरली, धान खळ्यावरून घरात आलं, की गिरणीच्या धुराड्यातून ‘कुक्, कुक्, कुक्’ सुरू व्हायचं. इंजिनाच्या धुराच्या नळीवर मुद्दाम एखादं डबडं नाहीतर टोपण बसवलेलं असे, म्हणजे आवाज शेजारच्या दोन-चार गावांपर्यंत पोहोचे. गिरणीवाल्याची ती बिनपैशाची जाहिरात! आवाज आला की घरोघरी धानाची पोती बैलगाडीत चढत. संध्याकाळी तांदूळ, कोंडा आणि अंगभर भुसकट घेऊन मंडळी परतत.

हा आवाज आता बंद झाला. गिरण्या विजेवर गेल्या, शेतातले पंपही विजेवर गेले. २००५च्या आसपास भारनियमनाने कहर केला तेव्हा काही जुनी इंजिनं पुन्हा धडधडली खरी, पण तेवढ्यापुरतीच. आज ती गोठ्याच्या कोपऱ्यात, पडक्या विहिरीच्या काठावर, तणसाच्या ढिगाखाली पडून आहेत. त्यांच्याकडे सध्या नियमाने कोणी जात असेल तर तो भंगारवाला. तो इंजिनाला नाव विचारत नाही, वजन विचारतो. गेली काही वर्षं मी लाखनी, पवनी, मोहाडी अशा भागांत जमेल तसा हिंडून ही इंजिनं पाहतो आहे, आणि मला वाटतं, वजनाआधी नाव विचारायला हवं.

हा छंद ऐकून लोक हसतात. त्यांना मी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देतो. तिथे अंगणातलं गवत कापायच्या जुन्या यंत्रांवर लोक जीव टाकतात. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन नावाच्या गृहस्थाने १९५२ साली सिडनीच्या काँकॉर्ड भागात, घराच्या गॅरेजमध्ये, भंगारातले तुकडे जोडून गवत कापायचं यंत्र केलं. पेट्रोलच्या टाकीसाठी त्याने पीच फळांचा रिकामा डबा वापरला! त्याच्या मधल्या नावावरून यंत्राचं नाव पडलं ‘व्हिक्टा’, आणि ते घराघरांत गेलं. सिडनीत २०००चं ऑलिंपिक भरलं तेव्हा उद्घाटनाच्या सोहळ्यात मैदानावर ही यंत्रंसुद्धा आली. तिथले हौशी लोक एखादं गंजलेलं यंत्र सापडलं की त्याचा क्रमांक, ओतकामावरची अक्षरं, रंगाचे थर, बोल्टचे आटे तपासून त्याची जन्मतारीख काढतात. आपल्याकडे बंगल्यापुढे हिरवळ राखणारे थोडे, धान पिकवणारे पुष्कळ. तेव्हा आपल्या इंजिनाचंही तेच का करू नये?

गंमत म्हणजे हे नातं अगदीच ओढूनताणून आणलेलं नाही. गवत कापायचं पहिलं यंत्र इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने केलं. त्याचं पेटंट १८३० सालचं. हा बडिंग पुढे ग्लॉस्टरशायरमधल्या डर्सली गावी जॉर्ज लिस्टर याच्याबरोबर काम करत होता. त्याच लिस्टरच्या मुलाने १८६७ साली डर्सलीत जो कारखाना काढला, त्यातून पुढे ‘लिस्टर’ डिझेल इंजिन जन्माला आलं. दोन मोठी चाकं, एक उभा सिलिंडर, मिनिटाला साडेसहाशे फेरे, सहा घोड्यांची ताकद. विलायतेत ते १९८०च्या दशकात बंद झालं, पण राजकोटच्या कारखानदारांनी त्याचा साचा असा काही आत्मसात केला की त्या धाटणीची इंजिनं आपल्याकडे मूळ लिस्टरहून जास्त दिसतात.

महाराष्ट्राचा वाटा याहून अभिमानाचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज. नांगर विकायला त्यांना फार वाट पाहावी लागली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने नांगर केले आणि १९३०च्या दशकात डिझेल इंजिनही केलं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आज किती जणांना ठाऊक असेल! मग १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला. आपल्या नदीकाठच्या वाड्यांवर सर्रास दिसणारं पाच घोड्यांचं ‘ए.व्ही. वन’ त्यांचंच. पेटर या विलायती इंजिनाच्या धाटणीचं, ८० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, मिनिटाला १५०० फेरे.

आता मुद्द्याची गोष्ट. समोर पडलेलं इंजिन कोणत्या सालचं, हे ओळखायचं कसं? सगळ्यात आधी पाटी शोधायची. आणि ती बहुधा नसते! भंडारा हे पितळेचं गाव. इथे पितळेची किंमत पोराटोरांनाही कळते. त्यामुळे रिबिट तोडून पाटी सगळ्यात आधी जाते, तिच्यामागून पितळी कॉक आणि बुश. पाटी असलीच तर ती इंजिनाचा जन्मदाखला समजा. पाटीवर कारखान्याचा पत्ता ‘किर्की, पूना ३’ असा असेल तर ते जुनं. सहा आकडी पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्याआधी शहराच्या नावापुढे नुसता टपाल विभागाचा आकडा असे. तोच तीन पुढे ४११००३च्या शेवटी जाऊन बसला. ‘पूना’चं ‘पुणे’ झालं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे एका ओळीच्या पत्त्यात दोन तारखा लपलेल्या असतात.

आपल्या जिल्ह्यासाठी याहून सरस खूण म्हणजे विकणाऱ्याची पाटी. इंजिनं बहुधा नागपूरच्या दुकानांतून येत आणि दुकानदार आपली छोटी पट्टी वेगळी ठोके. तिच्यावर नागपूरपुढे काय लिहिलंय ते नीट वाचावं. ‘सी. पी.’ असेल तर माल १९५० पूर्वीचा. ‘एम. पी.’ असेल तर १९५० ते ऑक्टोबर १९५६, कारण तोवर नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं आणि भंडाराही त्याच राज्यात होता. ‘बॉम्बे स्टेट’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६०. त्यानंतर महाराष्ट्र. एकाच गावात बसून आपल्या आजोबांनी दहा वर्षांत चार राज्यं पाहिली, ती या पट्ट्यांवर कोरलेली आहेत. दुकानदार जुन्या पट्ट्या संपेपर्यंत वापरत असणार, म्हणून वर्ष-दोन वर्षांची सूट मात्र द्यावी.

पाटीच गेली असेल तर अंगावरच्या खुणा. इंजिनाच्या धडावर पंचाने ठोकलेला क्रमांक असतो. तेल-मातीचा थर रॉकेलने भिजवून लाकडी पट्टीने काढला की दिसतो. पाटी आणि धड दोन्हींवर क्रमांक असतील तर ते जुळतात का पाहावं. न जुळणारी पाटी म्हणजे दुसऱ्याच इंजिनाचा दाखला! मग बोल्ट पाहावेत. पाना इंचाचा लागतो की मिलिमीटरचा? मेट्रिक मापं आपल्याकडे १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली, पण ही खूण फसवी आहे. कारखान्यांनी जुन्या साच्यांसाठी इंची आटे पुढेही बरीच वर्षं ठेवले. डिझेलच्या पंपावर ‘मायको’ असेल तर तो पंप १९५१ नंतरचा, कारण बंगळूरची ती कंपनीच तेव्हाची. पण पंप बदलता येतो. तो स्वतःचं वय सांगतो, इंजिनाचं नाही. रंगावर तर मी शेवटी विश्वास ठेवतो. दर पोळ्याला बैलांच्या शिंगांबरोबर इंजिनालाही उरलेला रंग फासणारे मालक मी पाहिले आहेत. मूळ रंग हवा असेल तर पाटीच्या मागे किंवा झाकणाच्या आतल्या कडेला ब्लेडने हलकं खरवडावं.

कागदांचा शोध घ्यायला लोक कंटाळतात, ते मला पटत नाही. १९५८च्या कायद्याने भातगिरणीला सरकारी परवाना लागू लागला. तो परवाना, बँकेच्या कर्जाचे कागद, इंजिनाबरोबर आलेली माहितीपुस्तिका घरच्या पत्र्याच्या पेटीत सापडू शकते. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंकही चाळावेत. १९२० साली ते ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून निघालं तेव्हा कारखान्याच्या मालाची माहिती देणं हाच त्याचा एक हेतू होता. आपली आजी त्यातल्या कथा वाचत होती, आपण जाहिराती वाचायच्या.

दुरुस्तीचं म्हणाल तर घाई करणारा माणूस यात काही कामाचा नाही. माझ्या मामांचं पाच घोड्यांचं इंजिन वैनगंगेच्या काठी वीस-एक वर्षं उघड्यावर होतं. मामा गेले. मामेभावाला त्या जागी खोली काढायची आहे आणि घरात पोरीचं लग्न आहे, त्यामुळे भंगाराचा पैसा त्याला नकोसा नाही. त्याचं चुकत नाही. मी फक्त एका महिन्याची मुदत मागितली. पिस्टन सिलिंडरमध्ये असा धरला होता की चाक तसूभर हलेना. शेजारच्या गावचे पंचाहत्तरी ओलांडलेले मिस्त्री आले. मी हातोड्याकडे पाहिलं, तशी ते म्हणाले, ‘‘हातोडा नको जी. लोखंडाले रागावून चालत नाही. त्याले भिजू द्या.’’ वरचं हेड काढून त्यांनी डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि खुशाल घरी गेले. रोज सकाळी येत, थोडं तेल घालत, चाकाला हाताने मागे-पुढे नुसता डुलारा देत आणि चहा घेऊन जात. नवव्या दिवशी चाक फिरलं.

त्यांचं आणखी एक सांगणं नोंदवून ठेवतो, कारण ते पुस्तकात सापडत नाही. हँडल मारताना अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही, चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून सुटून जातं, अंगठा वळवलेला असेल तर मोडतो. आणि हँडल मारण्याआधी वरचा डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, चाकाला वेग आला की सोडायचा. हे सगळं त्यांनी कोणत्याही शाळेत शिकलेलं नाही. त्यांच्या हाताखाली सध्या कोणी पोरगाही नाही.

मामांच्या इंजिनाची पाटी शाबूत निघाली, कारण त्यांनी कधीतरी ती शेंदरी रंगाने लिंपून टाकली होती आणि चोरट्याला पितळ दिसलंच नाही. रंग काढल्यावर ‘किर्की, पूना ३’ स्पष्ट उमटलं. खालची दुकानदाराची पट्टी मात्र अर्धी तुटलेली आहे. ‘नागपूर’ नंतरचं अक्षर ‘बी’ असावं असं मला वाटतं, मिस्त्री ते ‘एम’ म्हणतात. रिंगा नागपूरला मिळाल्या. नॉझल तपासायला दिलं आहे. भंगारवाला दोनदा काटा घेऊन येऊन गेला, आणि दोन्ही वेळा मामेभावाने त्याला पुढच्या आठवड्यात बोलावलं.