आडनावाचा माग : रक्तात, दप्तरात आणि किकरीच्या तारेवर

पौष अमावास्या जवळ आली की इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरकडे जाणाऱ्या वाटा माणसांनी भरून वाहू लागतात. मेस्राम घराण्याची मंडळी गोदावरीचे जल आणण्यासाठी पायी निघतात, ते जल घेऊन परततात आणि नागोबाची महापूजा होते. नंतर होते ती भेट. मेस्रामांच्या ज्या सुनांना अजून देवाचे दर्शन घडलेले नाही, त्यांना पांढरे वस्त्र पांघरून नागोबापुढे आणि घराण्यातील वडीलधाऱ्यांपुढे नेले जाते. त्या दिवसापासून ती सून मेस्राम. कागद नाही, शिक्का नाही. पण हजारोंच्या साक्षीने झालेली ही नोंदच आहे. आडनाव कशाला म्हणतात हे समजून घ्यायचे असेल तर त्या रात्री केसलापूरला असावे, असे आम्हाला नेहमी वाटत आले आहे.

हे आठवायला कारण घडले. उटनूरच्या एका शिकलेल्या मुलाने परवा आम्हाला विचारले, "नागपूरकडचे मेश्राम आणि आपल्याकडचे मेस्राम एकच का हो? आता थुंकी पाठवली की डी.एन.ए. तपासून मिळतो म्हणतात. त्यावरून कळेल का?" प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढे साधे नाही. आपल्या सीमाभागात तर मुळीच नाही.

आधी त्या तपासणीचेच पाहू. पुरुषाच्या शरीरात वाय नावाचे एक गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला, जवळजवळ जसेच्या तसे जाते. आपल्याकडे आडनावही याच वाटेने जाते. म्हणून शास्त्रज्ञांना वाटले, एका आडनावाच्या माणसांचे वाय गुणसूत्र जुळते का ते पाहावे. इंग्लंडमध्ये ब्रायन साइक्स या प्राध्यापकांनी स्वतःच्याच आडनावाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांचे नमुने घेतले आणि २००० साली निष्कर्ष छापले. निम्म्याच्या आसपास साइक्स एकाच मूळ पुरुषाकडे बोट दाखवत होते. उरलेल्यांचे गुणसूत्र निराळे निघाले. कुठे दत्तक, कुठे आईचे नाव लागलेले, कुठे घरात दुसराच कोणी बाप. जुन्या कागदांत मात्र सगळे साइक्सच.

त्याच देशात लेस्टर गावी मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली २०१२ साली एक सांगाडा सापडला. तो पंधराव्या शतकातील राजा तिसऱ्या रिचर्डचा, हे त्याच्या बहिणीच्या वंशातील आजच्या माणसांशी मातृवंशाचा डी.एन.ए. जुळल्याने पक्के झाले. पण पितृवंशाने त्याचे भाऊबंद ठरणाऱ्या आजच्या पुरुषांशी वाय गुणसूत्र काही जुळले नाही. राजघराण्याची कागदोपत्री घडी चोख. मध्ये कुठेतरी धागा तुटलेला. २०१४ साली हे जाहीर झाले तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांना बरेच दिवस खाद्य पुरले.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ साली ते दत्तक गेले आणि छत्रपती भोसले झाले. त्यांच्या वाय गुणसूत्राने कागलची वाट दाखवली असती, दत्तकविधानाच्या कागदाने करवीरच्या गादीची. यातले खोटे कोणते? आमच्या मते एकही नाही. रक्ताला विचारलेला प्रश्न वेगळा, दप्तराला विचारलेला वेगळा.

आता मेश्रामांकडे येऊ. विदर्भात हे आडनाव गोंडांत आहे, परधानांत आहे, बौद्ध समाजात तर मोठ्या संख्येने आहे. आदिलाबादेत ते प्रामुख्याने गोंड आणि परधान यांचे. आणि इथेच खरी गंमत आहे. गोंडांची प्रत्येक शाखा चार, पाच, सहा किंवा सात देवांच्या सगात मोडते. एका सगात सोयरीक होत नाही. प्रत्येक गोंड घराण्याला बांधलेले परधान असतात. ते तीनतारी किकरी वाजवून त्या घराण्याच्या मूळ पुरुषांची, देवांची, वाटांची कथा गातात आणि त्याच घराण्याचे नावही लावतात. म्हणजे मेस्राम परधान आणि मेस्राम गोंड हे नावाने एक. पण ते नाव एकाच बापाकडून आलेले नसून यजमान आणि गायक या पिढीजात नात्यातून आलेले. या नात्याची थुंकीच्या नमुन्यात खूणही सापडायची नाही. किकरीच्या तारेवर ते स्पष्ट ऐकू येते.

भाषेच्या दृष्टीने यात आम्हाला जे मोलाचे वाटते ते असे. आदिलाबादच्या गोंडांमध्ये १९४० नंतर मारलवाईला राहून काम केलेले क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवून ठेवले आहे की परधान गातात गोंडीत, पण घरात बोलतात मराठी. गोंडांच्या वंशावळीची राखण मराठी बोलणाऱ्या माणसांनी केली! आपल्या मराठीने सीमेवर काय काय सांभाळले याची यादी करताना हे सहसा कुणाला आठवत नाही.

राखण तोंडीच होती असेही नाही. उटनूरला लागून असलेल्या नारनूर मंडलातील गुंजाळा गावी परधानांच्या घरांत गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते मिळाली. २००६ च्या सुमारास अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले आणि २०१८ साली ती लिपी संगणकाच्या जागतिक लिपिसंचात दाखल झाली. लोक बाहेरच्या प्रयोगशाळेला पैसे पाठवायला निघाले आहेत, आणि पलीकडच्या गावात अशा वह्या होत्या.

डी.एन.ए. निरुपयोगी आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तो मोठ्या समूहांच्या इतिहासावर छान उजेड टाकतो. ग्यानेश्वर चौबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली गोंडांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. गोंडी ही तेलुगूसारखी द्राविडी भाषा. पण गोंडांचे जनुकीय नाते इतर द्राविडी भाषिकांपेक्षा मुंडा भाषा बोलणाऱ्या पूर्वेकडील जमातींशी अधिक जवळचे दिसले. माणसे तीच राहतात आणि भाषा बदलते, किंवा भाषा तीच राहते आणि माणसे मिसळतात. 'तुम्ही मराठी बोलता म्हणजे तिकडून आलात' असे आपल्या गावांतून जे सहज ऐकवले जाते, त्याला हे चांगले उत्तर आहे.

परंतु एका घराण्याच्या आडनावाचा माग काढायला तपासणी तोकडी पडते. एक तर वाय गुणसूत्र फक्त बापाच्या बापाच्या बापाचे सांगते. दहा पिढ्या मागे गेलात तर हिशेबाने १०२४ पूर्वज होतात. आडनाव त्यातल्या एकाचे. दुसरे, जुळवणी होते ती त्या कंपनीकडे आधी जमा झालेल्या नमुन्यांशी, आणि तिथे युरोप-अमेरिकेतील लोकांची गर्दी. आपला नमुना एकटाच बसून राहतो. तिसरे थोडे नाजूक आहे. नमुना एकाचा असला तरी गुपित साऱ्या घराचे उघडे पडते. घरच्यांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

मग उरते दप्तर. इथे सीमाभागाचे दुखणे सुरू होते.

निजामाच्या राज्यात तालुक्याच्या कचेरीचा कारभार उर्दूत चाले. मराठी मुलखातले पटवारी बहुधा मोडी लिहीत. पुढे तेलुगू आली. प्रत्येक लिपीने आपल्या आडनावांना आपापल्या साच्यात घातले. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. काफ, मीम, रे, अलिफ एवढे लिहिले की 'कुमरा' वाचा नाहीतर 'कमरा'. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. तेलुगूत 'मेस्राम'चे 'मेस्रम' झाले. जोडेघाटला १९४० साली लढता लढता पडलेले भीम यांचेच पाहा ना. गोंडीत कुमरा, तेलुगू लिखाणात कोमरम किंवा कुमरम, आणि नदी ओलांडून चंद्रपूर-यवतमाळात शिरलात की तेच कुमरे. २०१६ साली त्यांच्या नावाचा जिल्हा झाला, पण आसिफाबादच्या शाळेतला कोमरम आणि राजुऱ्याच्या शाळेतला कुमरे यांना आपण एकाच नावाचे आहोत हे कुणी सांगत नाही.

भरीला नावाचा क्रम. महाराष्ट्रात नाव, बापाचे नाव, मग आडनाव. तेलुगू पद्धतीत घराचे नाव आधी, तेही बहुधा एका अक्षरात आखडलेले. आमच्याच घरातला प्रकार सांगतो. आमचे आजोबा उटनूर तालुक्यात, त्यांचे धाकटे भाऊ किनवट तालुक्यात. तेव्हा दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्याचेच. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उटनूर आंध्रात राहिले. आम्ही शाळेत गेलो तेव्हा गुरुजींनी आडनावाचे पहिले अक्षर पुढे लावून वडिलांचे नाव गाळून टाकले. किनवटच्या चुलत भावांच्या दाखल्यावर तिन्ही नावे उभी आहेत. पुढे वाटणीच्या कामात हे दोन दाखले शेजारी ठेवले, तर कारकून म्हणाला, "हे दोघे एका घरचे कशावरून?" एका ताटात जेवलेले भाऊ, पण कागदावर परके.

ज्यांना जमिनीच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी हा माग काढायचा आहे त्यांच्यासाठी ही चैन नव्हे, गरज आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तिला निजामकाळातील मोडी आणि उर्दू कागद चाळावे लागले, हैदराबादचीही वाट धरावी लागली. अनुसूचित जमातींच्या दाव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले की जमातीच्या चालीरीतींशी जुळते की नाही ही कसोटी म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. संविधानापूर्वीच्या जुन्या कागदांना न्यायालये मोठे वजन देत आली आहेत. थुंकीच्या तपासणीने जात ठरत नाही आणि ठरूही नये. आजोबांच्या नावाची जुनी नोंद मात्र नातवाचे शिक्षण वाचवू शकते.

अशी नोंद शोधायची कुठे? आमच्या अनुभवाने सांगतो. १९५४-५५ ची खासरा पहाणी हा पहिला थांबा. ती प्रांतरचनेच्या आधीची, त्यामुळे दुभंगलेल्या घराण्याच्या दोन्ही बाजू त्या वेळी एकाच जिल्ह्यात मोडतात. किनवट-राजुऱ्याच्या मंडळींनी आपला जुना जिल्हा आदिलाबाद होता हे ध्यानात ठेवून विचारणा करावी. आम्ही आधी नांदेड नांदेड करत बसलो आणि वेळ घालवला. गोंड घराण्यांनी जोडेघाटच्या बंडानंतर, १९४० च्या दशकात दिल्या गेलेल्या पट्ट्यांचे कागद पाहावेत. ज्यांचे सोयरे यवतमाळ-चंद्रपूरकडे आहेत त्यांना तिकडे कोतवाल बुकाची नक्कल मिळते. तीत जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. हैदराबादेत तार्नाक्याला राज्य अभिलेखागार आहे. ज्यांचे पूर्वज नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेले असतील त्यांची नावे तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत असू शकतात. आणि 'कर' लावणाऱ्यांनी जपून. आमचे एक स्नेही पिंपळगावकर. कुठले पिंपळगाव, म्हणून विचारले तर मराठवाडा-वऱ्हाडात इतकी पिंपळगावे निघाली की ते शेवटी हसू लागले. गावाच्या नावासोबत देवकाची, कुलदैवताची खूण नसेल तर 'कर' काहीच सांगत नाही.

शोधताना आडनावाची सगळी रूपे एका कागदावर लिहून न्यावीत: देवनागरी, तेलुगू, जमल्यास उर्दू. कचेरीत एकच रूप सांगितले तर 'नोंद नाही' असे उत्तर मिळते, आणि त्यात कारकुनाचा दोष नसतो. मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा, मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नये. परधानबुवा घरी येतात त्या घरांनी त्यांचे गाणे मोबाइलवर उतरवून घ्यावे. बिदागी देऊन आणि त्यांची परवानगी घेऊन, हे सांगायला नकोच.

उटनूरच्या त्या मुलाला आम्ही हेच सांगितले. नागपूरचे सारे मेश्राम आणि केसलापूरचे मेस्राम एका बापाचे नसावेत. पण ते कसे एका नावाखाली आले, हे विचारायला तुझ्याच गावचा परधान आहे. तो जरा हिरमुसला. त्याला एका आकड्यात उत्तर हवे होते.

आमच्या घरची पत्र्याची पेटी या निमित्ताने पुन्हा उघडली. किनवटच्या भावाने त्याच्याकडच्या कागदांच्या छायाप्रती आणल्या. एका जमीनपावतीवर तीन लिपी निघाल्या. पणजोबांचे नाव दोन्हीकडे सारखे जुळले, आडनाव तीन तऱ्हांनी. सगळे एका वहीत उतरवले, डावीकडे मराठी, उजवीकडे तेलुगू, कारण आमच्या नातवंडांना तेलुगू लवकर वाचता येते. एक रकाना कोरा राहिला आहे: पणजीचे माहेर. ते एकाही कागदावर नाही. किनवटच्या आत्या नव्वदीला टेकल्या आहेत. येत्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत.