पाहुणा की भाडेकरू?

2022 च्या मार्चमध्ये ज्या जर्मन घरांनी युक्रेनहून आलेल्या बायका-मुलांसाठी एखादी खोली मोकळी करून दिली, त्यांपैकी अनेकांपुढे दोन-तीन महिन्यांत एक अवघड प्रश्न उभा राहिला. भाडे मागायचे का? युद्धातून जीव वाचवून आलेल्याकडे पैसे मागणे मनाला पटत नाही. आणि न मागावे, तर विजेचे नि गॅसचे बिल वाढतच चाललेले.

युद्ध 24 फेब्रुवारीला सुरू झाले. 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे येणाऱ्यांत आया, मुले आणि आज्याच अधिक. 4 मार्चला युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा 2001 सालचा कायदा पहिल्यांदाच वापरला. त्यामुळे आश्रयाच्या अर्जावर निकाल येईपर्यंत ताटकळणे टळले आणि राहण्याचा नि काम करण्याचा हक्क मिळाला. बर्लिनच्या मुख्य स्थानकावर लोक पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन उभे असत. किती जणांची सोय होईल आणि किती दिवस, एवढेच त्यांवर लिहिलेले. एकट्या बायका आणि मुलांना हेरणारेही त्या गर्दीत असू शकतात, असा इशारा पोलिसांना द्यावा लागला. त्या वर्षीच्या शरदातल्या एका मोठ्या पाहणीत 74 टक्के निर्वासित खासगी घरांत राहत होते. कुणी नातलगांकडे, कुणी यजमानांकडे, कुणी स्वतः घर भाड्याने घेऊन. निर्वासितांसाठीच्या सामूहिक निवासांत होते जेमतेम 9 टक्के.

1 जून 2022 पासून चित्र बदलले. युक्रेनी निर्वासितांना जर्मन नागरिकांसारखाच मूलभूत निर्वाह भत्ता लागू झाला आणि त्यांचा कारभार जॉबसेंटर या सरकारी कार्यालयाकडे गेला. भत्त्याशिवाय हे कार्यालय घरभाडे आणि हीटिंगचा खर्चही देते, पण तो खर्च खरोखर होत असेल तरच. फुकट राहणाऱ्याला घरापोटी काही मिळत नाही. म्हणजे यजमानाने करार केला, तर भाडे सरकार भरते आणि निर्वासिताच्या हातखर्चाला धक्का लागत नाही. मग भाडे घेण्यात संकोच कशाला?

करार मात्र नीट हवा. कुठली खोली, किती चौरस मीटर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामायिक आहे का, हीटिंगचे किती, हे सगळे कागदावर यावे लागते. दर शहरात भाड्याची मर्यादा ठरलेली असते. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक स्वतःच भाड्याच्या घरात राहतात; अशा यजमानाला पोटभाडेकरू ठेवण्यासाठी आधी मूळ घरमालकाची परवानगी काढावी लागते. शिवाय राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला दाखला लागतो, मग भाडे घेतलेले असो वा नसो. भाडेकरूने विनंती केली, तर जॉबसेंटर भाडे थेट यजमानाच्या खात्यात भरते.

कागदाबाहेरच्याही गोष्टी असतातच. फ्रिजचा कुठला कप्पा कुणाचा, वॉशिंग मशीन कधी लावायचे, थंडीतही रोज खिडक्या उघडून हवा खेळती ठेवायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. अशा बारीकसारीक बाबी पाहुण्याला सांगायला जीभ रेटत नाही. भाडेकरूशी त्या पहिल्याच दिवशी बोलता येतात.

ब्रिटनने उलट वाट धरली. मार्च 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘होम्स फॉर युक्रेन’ योजनेत यजमानाने भाडे घ्यायचेच नाही. किमान सहा महिने घरात ठेवायचे आणि त्याबद्दल आभार म्हणून सरकारकडून महिना 350 पौंड घ्यायचे. ती रक्कम करमुक्त. घराची आणि यजमानाची तपासणी स्थानिक कौन्सिल करते. पहिल्याच दिवशी एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, हे त्या समाजाचे मोठेपणच. पण या व्यवस्थेत पैसा यजमानाकडे जातो आणि राहणारा कायद्याने साधारण आपल्याकडच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यासारखा असतो. यजमानाचे मन बदलले, तर हक्क म्हणून दाखवायला राहणाऱ्याजवळ फारसे काही उरत नाही. संबंध बिघडल्यावर कित्येक कुटुंबांना बेघर म्हणून कौन्सिलचे दार ठोठावावे लागले. आयर्लंडमध्येही पैसा यजमानालाच मिळू लागला. 2022 मध्ये महिना 400 युरोंपासून सुरुवात झाली, त्याच डिसेंबरात 800 झाले आणि 2025 च्या जूनमध्ये 600 वर आले.

जर्मन करारही अभेद्य नव्हे. मालक स्वतः राहत असलेल्या घरातली फर्निचरसह खोली एकट्या व्यक्तीला दिली असेल, तर 15 तारखेपर्यंत लेखी नोटीस देऊन महिनाअखेरीस ती रिकामी करून घेता येते. तरीही तारीख आधी कळते, आणि पुढचे घर शोधताना कागद उपयोगी पडतो. जर्मनीत नवा घरमालक सहसा आधीच्या घरमालकाकडून एक पत्र मागतो, भाडे थकलेले नाही असे. जिने वर्षभर एका खोलीचे भाडे दरमहा चुकते केले, तिला तिचे यजमान हे पत्र लिहून देऊ शकतात.