नवी भातुकली

मोठ्या माणसांची कामे लहानपणीच करून पाहावीत, ही मुलांची हौस फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील उमरेडकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून घरोघर हिंडतात, बोजारा मागतात आणि तेवढ्यापुरती शेतकरी होतात. भातुकलीत तर अवघा संसारच मांडला जातो. विटेच्या भुकटीचे तिखट होते, झाडाच्या पानांच्या पोळ्या होतात. आणि बाहुली आजारी पडली, की खेळणाऱ्यांपैकीच कोणी तरी डॉक्टर होऊन तिची नाडी पाहते.

या भातुकलीचा एक नवा अवतार २००७ साली बाजारात आला. युबीसॉफ्ट या फ्रान्समधील कंपनीने त्या वर्षी 'इमॅजिन' नावाची व्हिडिओ खेळांची मालिका सुरू केली. इमॅजिन म्हणजे 'कल्पना करा'. हे खेळ मुख्यतः निन्टेन्डो डीएस या जपानी खेळयंत्रासाठी होते. हे यंत्र हातात मावेल एवढे असे. उघडले, की वर एक व खाली एक असे दोन पडदे दिसत आणि खालच्या पडद्यावर बारीक काडी टेकवून खेळावे लागे. एका खेळात मुलगी जनावरांची डॉक्टर होई, दुसऱ्यात कपड्यांचे नवे नमुने काढी, तिसऱ्यात स्वयंपाकात तरबेज होई, चौथ्यात तान्ही बाळे सांभाळी. पुढे शिक्षिका, कुटुंबाचा डॉक्टर, गुप्तहेर अशी आणखी कामे त्यांत आली. त्यांच्या जाहिराती लहान मुलींना उद्देशून केलेल्या असत. याच कंपनीने २००८ साली पुण्यातही आपले कार्यालय थाटले.

असा खेळ रचतात कसा? कोणतेही काम घ्यावे, त्याचे लहान लहान तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्याचा एक खेळ करावा. भाजी चिरणे हा एक खेळ, मोजून पाणी घालणे हा दुसरा. बरोबर जमले, तर गुण मिळतात व पुढची पायरी उघडते. यातून मुलांना कामाचा क्रम कळतो आणि हाताला नेमकेपणा येतो, हे मान्य केले पाहिजे.

परंतु तुकडे पाडताना पुष्कळ काही गळून जाते. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा पोटभर खाल्ल्याने बैलाला पोटफुगी झाली, अशी कल्पना करा. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात वायू कोंडतो, डावी भकाळी फुगते आणि तिच्यावर टिचकी मारली असता ढोलासारखा आवाज येतो. फुगलेल्या पोटाचा दाब छातीवर पडून बैलाला श्वास घेता येत नाही. अशा वेळी डॉक्टरला कधी नळी घालून, तर कधी भकाळीला छिद्र पाडून तो वायू बाहेर काढावा लागतो. उशीर झाला, तर बैल मरतो. ही विद्या अंगी येण्यास वेळ लागतो. उमरेडपासून सुमारे ४५ किलोमीटरवर नागपुरात १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पशुवैद्यकाची पदवी मिळवण्यास साडेपाच वर्षे लागतात आणि त्यांपैकी शेवटचे वर्ष प्रत्यक्ष जनावरांच्या सहवासातच काढावे लागते.

याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. मुलीने काय व्हावे, यांची यादी कोणी केली? भातुकलीतही मुलीच्या वाट्याला बहुधा चूलच येई, हे खरे. तरी त्याच विटेच्या तुकड्याची गाडी करायला कोणाची हरकत नसे. खेळयंत्रात मात्र कंपनीने जेवढी कामे भरली, तेवढ्यांचीच कल्पना करता येते. अगदी पहिल्या खेळांत कपडे, स्वयंपाक, बाळे आणि जनावरे होती. पूल बांधणे नव्हते, खाण नव्हती.

उमरेडच्या मुलींना खाण नवी नाही. तेथे वेस्टर्न कोलफिल्ड्सची कोळशाची उघडी खाण आहे. अशा खाणीत वरची माती व खडक काढून कोळशाचा थर मोकळा केला जातो. पण येथे कामांची यादी केवळ खेळणी बनवणाऱ्यांनीच केलेली नव्हती. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत कामावर ठेवण्यास मनाई केली होती. जमिनीवरच्या कामावरही त्यांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ एवढ्याच वेळेत ठेवता येई. त्यामागे त्यांच्या सुरक्षिततेचा विचार होता. पण त्यामुळे खाणकामाच्या शिक्षणाची वाटही अडली. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात खाण अभियांत्रिकी शिकायची होती. प्रवेशासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले. त्या पदवीधर झाल्या आणि पुढे नागपुरात खाण व इंधन संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून काम करू लागल्या. देशातील पहिल्या स्त्री खाण अभियंत्यांत त्यांची गणना होते.

२०१९ साली केंद्र सरकारने हे नियम सैल केले. उघड्या खाणीत स्त्रियांना त्यांच्या लेखी संमतीने रात्रपाळी करता येऊ लागली आणि तांत्रिक व देखरेखीच्या कामांसाठी जमिनीखाली उतरण्याची वाटही त्यांना मोकळी झाली. मात्र एका पाळीत किमान तीन स्त्रिया बरोबर असाव्यात, अशी अट त्या वेळी घातली गेली.