हा पैसा कुठला?

अमेरिकेत सरकारी पैशावर संशोधन करायचं तर अर्जासोबत एक रटाळ फॉर्म भरावा लागतो. हाती असलेले आणि मिळण्याच्या वाटेवर असलेले सगळे निधी त्यात मांडायचे: कोणी दिले, किती, कशासाठी, आणि त्या कामात वर्षातले किती महिने जाणार. परदेशी विद्यापीठाने देऊ केलेली प्रयोगशाळाही त्यात आली. विद्यापीठांतल्या संशोधनावर परकीय पगडा बसू नये म्हणून जी व्यवस्था आहे, तिचा कणा हा फॉर्म. हेर, पाळत वगैरे फार पुढच्या गोष्टी.

सगळ्यात बोलका रकाना महिन्यांचा. वर्ष बाराच महिन्यांचं; तेच महिने दोघांना विकले असतील तर बेरीज फुटते.

हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागाचे तेव्हाचे प्रमुख चार्ल्स लीबर यांचं तसंच झालं. वुहानमधल्या एका विद्यापीठाशी त्यांचा करार होता: महिन्याला ५०,००० डॉलरपर्यंत पगार, राहण्याचा खर्च वेगळा, शिवाय प्रयोगशाळेसाठी १५ लाखांहून अधिक डॉलर. इकडे अमेरिकी सरकारचा दीड कोटी डॉलरहून अधिक निधी चालूच. चौकशीत त्यांनी हात झटकले. जानेवारी २०२० मध्ये अटक झाली, डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरले. आरोप होते खोटी माहिती देण्याचे, कर आणि परदेशी बँक खातं लपवण्याचे. हेरगिरीचा आरोप नव्हताच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे चालत नाही.

मग परदेशी सहकार्यच बंद का करत नाहीत? कारण खुलं विज्ञान हीच या विद्यापीठांची ताकद. १९८५ साली रेगन सरकारने धोरणच ठरवलं, की जे मूलभूत संशोधन खुलेपणाने छापलं जाणार आहे, त्यावर शक्यतो बंधन नको. ही सवलत नाजूक आहे. छापण्याआधी आमची मंजुरी घ्या, असं कलम देणगीदाराने करारात घुसवलं आणि विद्यापीठाने मान डोलावली, की ती जाऊ शकते. मग निर्यातीचे नियम लागतात, आणि त्यात एक चमत्कारिक तरतूद आहे: नियंत्रित तंत्रज्ञान अमेरिकेतल्याच प्रयोगशाळेत परदेशी विद्यार्थ्याला समजावून देणं, हीसुद्धा त्याच्या देशाला केलेली निर्यात. पुण्याहून पीएचडीला गेलेल्या मुलासाठीही त्याच्या गाइडला परवाना काढावा लागू शकतो.

विद्यापीठांनाही हिशेब चुकत नाही. वर्षात एकाच परदेशी स्रोताकडून अडीच लाख डॉलर किंवा जास्त आले, की शिक्षण खात्याला कळवायचं, हा कायदा १९८६ पासून आहे. बरीच वर्षं तो अनेकांनी मनावर घेतला नव्हता.

सरकारने मात्र मध्यंतरी भलताच जोर लावला. २०१८ च्या ‘चायना इनिशिएटिव्ह’ या चिनी हेरगिरीविरोधी सरकारी मोहिमेत एमआयटीचे प्राध्यापक गँग चेन यांना अटक झाली, वर्षभराने, जानेवारी २०२२ मध्ये, खटलाच मागे घ्यावा लागला. पुढच्याच महिन्यात ती मोहीमही गुंडाळली. माझ्या मते खरी गोची नियमांची होती. कोणती गोष्ट सांगायची आणि कोणती नाही, हे दर खात्याचं वेगळं. म्हणून आता फॉर्म एकसारखे करत आणले आहेत. चालू निधीतली एखादी नोंद राहून गेल्याचं नंतर लक्षात आलं, तर राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान (एनएसएफ) या निधी देणाऱ्या सरकारी संस्थेला विद्यापीठाने तीस दिवसांत कळवायचं असतं.