पिठ्या ढेकणाच्या पोटातला मित्र

ज्या किडीचा बंदोबस्त करायचा, तिलाच आधी जोपासावे लागते. परोपजीवी कीटक वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत कोंब फुटलेल्या बटाट्यांचे ट्रे ओळीने मांडलेले असतात. त्या कोंबांवर पपईवरच्या पिठ्या ढेकणाचे अंडीपुंज अलगद ठेवतात. एक मादी १०० ते ६०० अंडी घालते. पिवळसर पिल्ले बाहेर पडून कोंबांत सोंड खुपसतात आणि बघता बघता सगळा कोंब पांढऱ्या मेणचट पिठाखाली दडतो.

पिल्ले दुसऱ्या अवस्थेत आली की पिंजऱ्यात ॲसेरोफेगस पपये हा परोपजीवी सोडतात. गांधीलमाशीच्या गणातला हा कीटक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. नुसत्या डोळ्यांना केशरी ठिपका हलल्यासारखे वाटते, म्हणून मी भिंग लावून बसलो. मादी ढेकणाभोवती फिरली, मिशांनी त्याला चाचपले आणि मागे वळून पोटाचे टोक त्याच्या अंगात टोचले. अंडे आत गेले. ढेकूण मात्र होता तिथेच रस शोषत राहिला.

यापुढचे सारे आत घडते. अळी ढेकणाला आतून खाते. त्याचे अंग फुगते, कडक होते, तपकिरी पडते. अशा ढेकणाला ‘ममी’ म्हणतात. दोन-अडीच आठवड्यांत ममीला गोल भोक पाडून नवा कीटक बाहेर येतो आणि पुढचा ढेकूण शोधू लागतो.

हा मित्र आपल्या मातीतला नाही, कारण कीडही इथली नव्हती. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. २००८ मध्ये तो कोइमतूरला आढळला. पपई, तुती, टॅपिओका यांच्यावर त्याने ठाण मांडले आणि पुढे पुणे परिसरातल्या पपईबागांपर्यंत मजल मारली. कीड आली, तिचे शत्रू मात्र मायदेशीच राहिले. अंगावरच्या मेणामुळे फवारणी नीट लागेना. बांधावरच्या गाजर गवतावरही तो पोसला जात होता, त्यामुळे फवारलेल्या बागेत तो पुन्हा शिरे. २०१० मध्ये बंगळुरूच्या एका राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोहून तीन परोपजीवी आणले. आधी त्यांना विलगीकरणात ठेवले. रेशीम कीटक आणि इतर उपयुक्त कीटकांना त्यांच्यापासून धोका नाही, याची खात्री करून घेतली आणि मगच ते शेतात सोडले. तमिळनाडूत काही महिन्यांतच कीड ओसरली. तिघांत ॲसेरोफेगस सर्वांत प्रभावी ठरला.

शेतात सोडणे हे या कामातले सर्वांत सोपे पाऊल. ऊन उतरल्यावर कीड लागलेल्या पानांजवळ परोपजीवी भरलेल्या नळीचे तोंड उघडायचे, एवढेच. खरी कसोटी नंतर लागते. ढेकणाच्या गोड स्रावासाठी झाडावर चढणाऱ्या मुंग्या परोपजीवींना हुसकावतात, त्यांना आवरावे लागते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे फवारणीचा पंप खाली ठेवावा लागतो. ज्या औषधाने ढेकूण अर्धाच मरतो, त्याने हा नाजूक कीटक पुरता मरतो. पानाखाली भोके पडलेल्या ममी दिसत असताना फवारणी करणे म्हणजे आपल्याच राखणदाराला मारणे. थोडे ढेकूण शिल्लक राहिले तर राहू द्यावेत. ते संपले, तर मित्राची पुढची पिढी जगणार कशावर? उत्पन्नाला धक्का न लावणारे चार पांढरे ठिपके सोसायला शिकणे हाच या पद्धतीचा गाभा आहे.

परकी कीड येण्याचे थांबलेले नाही. २०२० मध्ये केरळात टॅपिओकावरचा नवा पिठ्या ढेकूण सापडला. त्याच्यासाठी आफ्रिकेतल्या बेनिनहून ॲनागायरस लोपेझी हा परोपजीवी आणून २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडला गेला. दर वेळी शास्त्रज्ञ समुद्रापलीकडून मित्र शोधून आणतील, त्याची पारख करतील, त्याला प्रयोगशाळेत वाढवतील. शेतात आल्यावर त्याला जगू द्यायचे की नाही, हे मात्र शेतकऱ्यानेच ठरवायचे आहे.