फ्ल्यूची लस : दरवर्षी कशासाठी व केव्हा?

इन्फ्ल्यूएंझा अथवा फ्ल्यू हा साध्या पडशाहून निराळा रोग होय. एकाएकी भरणारा ताप, अंगदुखी व खोकला ही त्याची प्रमुख लक्षणे. बहुतेक रोगी आठवडाभरात बरे होतात. परंतु साथ उग्र असली म्हणजे काय घडते, हे मुंबईने १९१८ साली पाहिले. जूनमध्ये तेथे दिसू लागलेला हा रोग पावसाळा संपताना अधिक भीषण रूपाने परतला आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या काळी रोगाचे खरे कारणच अज्ञात होते. मानवी फ्ल्यूचा विषाणू लंडन येथे १९३३ साली वेगळा करण्यात आला व पुढे लस शक्य झाली.

गोवराची लस बालपणी दोनदा टोचली की तिचे संरक्षण दीर्घकाळ टिकते. फ्ल्यूची लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते. असे का व्हावे? या विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांसारखी प्रथिने असतात. लशीवरून शरीर त्यांची ओळख करून घेते व त्यांना चिकटणारी प्रतिपिंडे निर्माण करते. परंतु विषाणूची वाढ होताना या प्रथिनांत लहानलहान बदल होत राहतात. कुलूप बदलले की जुनी किल्ली नीट बसत नाही, तशीच गत जुन्या प्रतिपिंडांची होते. शिवाय त्यांचे प्रमाणही काही महिन्यांत घटते. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या देशोदेशींच्या प्रयोगशाळा रोग्यांचे नमुने सतत तपासतात. त्यावरून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लशीची शिफारस करते.

लस केव्हा घ्यावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. युरोपात फ्ल्यू हिवाळ्यात पसरतो. भारतात मात्र २००९ ते २०१३ या काळातील नमुन्यांवरून असे आढळले की, श्रीनगरला त्याचा जोर हिवाळ्यात, तर पुणे व नागपूर येथे जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत असतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यालगतची खुर्सीपार ही वस्ती नागपूरप्रमाणेच सुमारे २१ उत्तर अक्षांशावर वसलेली असून तेथील पाऊसही मोसमीच आहे. अशा ठिकाणी हिवाळ्याची वाट पाहणे म्हणजे पूर ओसरल्यावर बांध घालणे होय. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हा काळ योग्य.

लशीची मर्यादाही ध्यानी घ्यावी. चांगली जुळलेली लसही आजाराचा धोका साधारणतः ४० ते ६० टक्क्यांनीच कमी करते. मात्र टोचून देण्याच्या नेहमीच्या लशीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यामुळे फ्ल्यू होत नाही. दंड दुखणे वा किंचित ताप एवढाच त्रास बहुधा संभवतो. वृद्ध, गर्भवती, लहान मुले आणि दमा वा मधुमेहाचे रोगी यांना फ्ल्यूचा धोका अधिक असतो. सहा महिन्यांखालील अर्भकास ही लस देता येत नाही. परंतु गर्भवती मातेने ती घेतल्यास तिची प्रतिपिंडे बाळास जन्मापूर्वीच लाभतात. एका टोचणीने दोन जिवांचे रक्षण होते ते असे.