सायकल, चाकाची खुर्ची आणि लोकलचा डबा

प्रवासात थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर हे नाव पडले, अशी समजूत त्या परिसरात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. व्युत्पत्तीच्या कसोटीला ती कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. पण गावाच्या आजच्या स्थितीला ती चपखल लागू पडते. १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे लोहमार्ग गेला, तेव्हापासून येथला प्रवासी वाहन बदलतच आला आहे. पूर्वी बैलगाडीतून उतरून तो आगगाडीत बसे. आता रिक्षातून किंवा सायकलवरून उतरून लोकलमध्ये शिरतो. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार असलेली कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ मध्ये एक लाख ७४ हजारांवर गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून येथवर आलेल्या माणसाला रोज सुमारे अडुसष्ट किलोमीटरचा लोहमार्ग तुडवून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे लागते. पण त्याच्या प्रवासातला सर्वांत कटकटीचा भाग हा नव्हे. बेलवलीसारख्या वस्तीतून स्थानकापर्यंतचा तुकडा आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतचा तुकडा, ही दोन टोकेच त्याचा वेळ व पैसा खातात.

या दोन टोकांवर सायकल हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तिला इंधन लागत नाही, ती धूर सोडत नाही आणि शेअर रिक्षाचे रोजचे भाडे वाचवून ती आपली किंमत थोड्या अवधीत भरून काढते. म्हणूनच सायकल गाडीत सोबत नेण्याची मुभा असावी, ही मागणी अलीकडे बळावली आहे. तिला आधारही मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये कोची मेट्रोने सायकलींना दार उघडले. नागपूर व पुणे येथील मेट्रोंनी तशी मुभा दिली आणि २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, मुंबईत मेट्रो २ अ व मेट्रो ७ यांचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा तेथेही सायकल नेता येऊ लागली. मेट्रोला जे जमते ते लोकलला का जमू नये, असा प्रश्न मग साहजिकच विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी गाडीतील जागा ही कोणत्या प्रकारची वस्तू आहे, याचा विचार केला पाहिजे. अर्थशास्त्राच्या भाषेत ती टंचाईची वस्तू आहे, आणि तिची टंचाई दिवसभर सारखी नसते. दुपारी दोन वाजता कल्याणकडे येणाऱ्या गाडीत एका माणसाने अधिक जागा व्यापली, तर त्याची सामाजिक किंमत जवळजवळ शून्य असते. सकाळी आठ वाजता तीच जागा अमूल्य होते. गर्दीच्या वेळी उपनगरी गाडीत एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, हे रेल्वेच्याच परिभाषेत नोंदलेले वास्तव आहे. उभी केलेली सायकल सुमारे पावणेदोन मीटर लांब आणि दांड्यापाशी अर्धा-पाऊण मीटर रुंद असते. म्हणजे तिला साधारण एक चौरस मीटर जागा लागते. हिशेब सरळ आहे. गर्दीच्या वेळी आत आलेली एक सायकल डझनभर माणसांना फलाटावर, अथवा त्याहून वाईट म्हणजे दाराच्या दांडीला लटकत ठेवते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडून जीव गमावून बसले, ही घटना ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना हा हिशेब केवळ कागदी वाटणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल आली म्हणून बदलापूरचे प्रवासी संतप्त होऊन उठले, त्यामागेही जागेचेच दुर्भिक्ष होते.

तथापि गर्दी सर्वांना सारखीच सोसावी लागते, हा समज खरा नाही. धडधाकट तरुण कोपराने वाट काढतो, चालत्या गाडीत उडी घेतो, एक गाडी सुटली तर दुसरी पकडतो. कुबड्या घेऊन चालणारा, पांढरी काठी हाती असलेला, गुडघे धरलेली वृद्धा, गरोदर स्त्री यांना यांपैकी काहीच करता येत नाही. जागेची टंचाई जसजशी वाढते, तसतसे प्रथम हेच प्रवासी बाहेर फेकले जातात. आणि ते बाहेर फेकले गेल्याची नोंद कोठेच होत नाही, कारण जो प्रवास करूच शकला नाही तो तिकिटांच्या आकड्यांत दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या किती जणांनी गाडीच्या दारापाशी येऊन नोकरीचा विचार सोडून दिला, हे कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

सायकलींच्या प्रश्नाची खरी गुंतागुंत येथे आहे. मेट्रोच्या डब्यात चाकाची खुर्ची उभी करण्यासाठी मोकळी जागा ठेवलेली असते. आसने नसलेली मोकळी जागा दिसली की सायकलस्वाराची पावलेही साहजिकच तिकडे वळणार. स्थानकातल्या लिफ्टचेही तसेच. सायकल सरकत्या जिन्यावरून नेणे धोक्याचे, साध्या जिन्यावरून उचलून नेणे कष्टाचे. म्हणून ती लिफ्टपाशी येते. ज्याला पर्यायच नाही असा प्रवासी त्या लिफ्टच्या रांगेत मागे राहतो. अंध प्रवाशाची काठी जमिनीलगतचा अडथळा ओळखते; कमरेच्या उंचीवर पुढे आलेला सायकलचा दांडा तिला कळत नाही. लोकलमध्ये मोकळी जागा दोनच ठिकाणी संभवते, दिव्यांगांचा डबा आणि लगेजचा डबा. राखीव डब्यात अनधिकृत प्रवेश करणे रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ अन्वये दंडनीय असूनही दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसे शिरतात, ही तक्रार जुनीच आहे. लगेजच्या डब्याविषयी तर अलीकडेच एक बोलका निर्णय झाला. ज्येष्ठ नागरिकांच्या हालअपेष्टांचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा रेल्वेने लोकलच्या लगेज डब्यांपैकी एक डबा ज्येष्ठांसाठी राखण्याचे ठरविले आणि २०२५ मध्ये मध्य रेल्वेच्या माटुंगा कारखान्यातून तसा डबा तयार होऊन बाहेर पडला. म्हणजे ज्या डब्यात सायकल ठेवता येईल असे म्हटले जाते, त्याच डब्यातून वृद्धांसाठी जागा काढावी लागली आहे. मासळीच्या, भाजीच्या व दुधाच्या व्यवसायातील माणसे उरलेल्या डब्यांत आधीच दाटीने उभी असतात.

चाकाची खुर्ची आणि सायकल यांना लागणारी जागा जवळपास सारखीच. मग एकीला हक्क आणि दुसरीला मनाई हा भेदभाव नव्हे काय, असा युक्तिवाद कोणी करील. त्याचे उत्तर असे की, सायकलस्वार सायकल बाहेर ठेवून आत येऊ शकतो. खुर्चीवरचा माणूस खुर्ची बाहेर ठेवून आत येऊ शकत नाही. एकाच्या बाबतीत वाहन ही सोय आहे, दुसऱ्याच्या बाबतीत ते शरीराचा भाग आहे. कायद्यानेही हा फरक मानला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ ने स्थानके व वाहतुकीची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्वाळा दिला. सायकल नेण्याची मुभा ही धोरणाची बाब आहे. दिव्यांगाचा प्रवास ही हक्काची बाब आहे. दोहोंत संघर्ष आला तर कोणी मागे सरायचे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सायकल चालवणारा माणूस बहुधा गरीब असतो. तेव्हा दिव्यांगांच्या नावाने गरिबाची सोय नाकारण्याचा हा प्रकार नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे आणि झटकून टाकण्याजोगा नाही. पण सायकल व लोकल यांचा संयोग मुंबईत नवा नाही, आणि तो सर्वांत यशस्वीपणे साधणारे लोकही गरीबच आहेत. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा जो व्यवसाय सुरू केला, त्यातील डबेवाला घरोघरचे डबे सायकलवर गोळा करतो, लोकलच्या लगेज डब्यातून नेतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा सायकलवर वाटतो. मात्र तो सायकल गाडीत चढवीत नाही. ती स्थानकाबाहेर उभी राहते. पलीकडच्या टोकाला दुसरी सायकल तयार असते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तावूनसुलाखून निघालेल्या या व्यवस्थेने गरिबाच्या सायकलीचा प्रश्न गाडीच्या आत नव्हे, तर गाडीच्या बाहेर सोडवला आहे.

सायकलींचा देश म्हणून ज्याचा दाखला नेहमी दिला जातो, त्या नेदरलँड्सचा अनुभव निराळा नाही. तेथील रेल्वेत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत घडी न होणारी सायकल नेण्यास मनाई आहे आणि इतर वेळी तिच्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते. त्याऐवजी उट्रेख्त स्थानकात २०१९ मध्ये साडेबारा हजार सायकलींचा वाहनतळ पुरा झाला आणि उतरणाऱ्या प्रवाशाला स्थानकावरच भाड्याने सायकल मिळण्याची योजना देशभर चालते. लंडनच्या भुयारी रेल्वेतही घडीच्या सायकलीखेरीज इतरांवर वेळेची व मार्गाची बंधने आहेत. सायकलीवर प्रेम करणारे देश तिला गर्दीच्या डब्यात कोंबत नाहीत, तिला स्थानकापाशी सन्मानाने उभे राहू देतात.

या दृष्टीने बेलवली व बदलापूर परिसराची गरज काय आहे? पहिली गरज स्थानकाच्या पूर्व व पश्चिम बाजूंस छप्पर व राखणदार असलेल्या सायकलतळाची. सायकल चोरीला जाणार नाही ही खात्री पटली, तर ती गाडीत नेण्याचा आग्रह निम्म्याने कमी होईल. सायकलतळाचे भाडे मासिक पासातच नाममात्र रकमेने जोडता येईल. दुसरी गरज रस्त्याची. लोहमार्गाने दुभंगलेल्या गावात पावसाळ्यात भुयारी मार्गात पाणी साचले की सायकलस्वार आणि दिव्यांग दोघेही एकाच वेळी अडकतात. तेथे त्यांचे हितसंबंध विरोधी नसून एकच आहेत. तिसरी गोष्ट, घडीच्या सायकलींना पिशवीत घालून सर्व वेळी मुभा असावी. आणि मेट्रोत साध्या सायकलींना गर्दीखेरीजच्या वेळी व सुटीच्या दिवशी ती राहावी. अट एकच, की चाकाची खुर्ची आली तर सायकलने जागा सोडावी, आणि ही अट केवळ फलकावर न राहता कर्मचाऱ्यांनी अमलात आणावी.

एका सायकलीचा विचार मात्र अद्याप कोणीच केलेला दिसत नाही. कानपूरच्या भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगमाची स्थापना १९७२ साली झाली आणि १९८१ पासून केंद्राच्या योजनेखाली दिव्यांगांना हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली देण्यात येऊ लागल्या. अशा तीनचाकीवरून स्थानकापर्यंत येणाऱ्या प्रवाशाचा विचार करावा. ती लोकलमध्ये चढवणे व्यवहारात अशक्य. जिन्याखाली उघड्यावर ती सोडून त्याने कुबड्यांवर फलाट गाठायचा, आणि रात्री परतल्यावर ती जागेवर असेल या भरवशावर दिवस काढायचा. सायकलतळाची पहिली जागा, लिफ्टपासून सर्वांत जवळची, या तीनचाकीची असली पाहिजे. आणि तेथून डब्यापर्यंत नेणारी चाकाची खुर्ची मागताक्षणी मिळाली पाहिजे.

आज या गोष्टी करणे तुलनेने सोपे आहे. कल्याण-बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या-अ टप्प्यात समाविष्ट आहे. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो १४ प्रस्तावित आहे. आराखड्यावर रेघ ओढताना रुंद लिफ्ट, सपाट प्रवेश आणि सायकलतळ यांना लागणारा खर्च थोडा असतो. बांधकाम झाल्यावर तोच खर्च कैक पटींनी वाढतो आणि मग निधी नाही हे कारण कायमचे तयार होते. जुन्या लोकलमार्गाच्या बाबतीत ही चूक होऊन गेली. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला झालेल्या अपघातानंतर फलाट आणि डबा यांतील फटीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. नव्या मार्गांवर तीच चूक करण्यास सबब उरलेली नाही.

जुन्या प्रवाशाने बदलापुरी घोडा बदलला असेल, तर थकलेला घोडा तेथेच ठेवून तो पुढे गेला असणार. घोड्याची पागा नीट असेल तरच हे शक्य होते. बेलवलीच्या सायकलस्वाराला पागा हवी आहे; आणि ज्याला आपले वाहन मागे ठेवताच येत नाही, त्याला डब्यात जागा हवी आहे. नगरपरिषद, रेल्वे आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांनी ही दोन कामे एकमेकांविरुद्ध उभी न करता एकाच वेळी हाती घेतली, तर गर्दीच्या दारात आज जो तंटा होऊ पाहतो आहे, तो मुळातच टळेल.